डुगडुगणारा, कलणारा मॉडेल ट्रॅक्टर: दोष कुठे शोधायचा

घरी बनवलेल्या जुन्या ट्रॅक्टरच्या मॉडेलांची सगळ्यात नेहमीची तक्रार एकच असते: मॉडेल चारही चाकांवर नीट बसत नाही. रंग झकास, सायलेन्सर झकास, आणि काचेच्या शोकेसमध्ये ठेवलं की डुगडुग. मग पॉलिश पेपर घेऊन एखादं चाक घासायला सुरुवात होते आणि साधा दोष अवघड होऊन बसतो. खालचा क्रम पाळला तर बहुतेक वेळा एक पैसाही खर्च न होता काम भागतं.

मापं उदाहरणासाठी १:१० प्रमाणातल्या फर्ग्युसन टीई-२० ची घेतली आहेत. हा राखाडी ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला बनत होता. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर, ७० इंच, म्हणजे मॉडेलला १७७.८ मिमी. डाव्या-उजव्या चाकांमधलं कमीत कमी अंतर ४८ इंच, म्हणजे मॉडेलला १२२ मिमी. मागचा टायर १०-२८, मॉडेलला व्यास सुमारे १२० मिमी, पुढचा ४.००-१९, सुमारे ६९ मिमी. मॅसी फर्ग्युसन ३५ ची पुढची मांडणीही साधारण अशीच आहे, त्यामुळे ते बनवणाऱ्यांनाही हे सगळं लागू पडेल.

लक्षणं

मॉडेल काचेवर ठेवा, मागे जाऊन डोळे मॉडेलच्या उंचीला आणा आणि खालीलपैकी नेमकं काय दिसतंय ते कागदावर लिहा.

क) पुढचं एक चाक अधांतरी राहतं. ते दाबलं की त्याच्या तिरकस समोरचं मागचं चाक उचललं जातं. ही खरी डुगडुग.

ख) चारही चाकं टेकतात, पण एक मडगार्ड खाली आणि दुसरं वर दिसतं. सीट, बॉनेट, सगळंच एका अंगाला कललेलं.

ग) मडगार्डं समान उंचीवर, सीट सरळ, पण बॉनेट आणि रेडिएटर तिरके.

घ) मॉडेल ढकललं की दोष येतो-जातो. एका जागी बरोबर, बोटभर पुढे नेलं की पुन्हा डुगडुग.

ङ) मे महिन्यात ठीक होतं, जुलैत कललं.

नाक वर किंवा खाली असणं हा यातला दोष नाही. गावातल्या उभ्या ट्रॅक्टरवरून जमिनीपासून अ‍ॅक्सलची उंची मोजली आणि टायरचा व्यास मात्र कॅटलॉगमधून घेतला की असं होतं. खऱ्या टायरची हवा वजनाने दबते, अ‍ॅक्सलची उंची व्यासाच्या निम्म्याहून कमी भरते. दोन्ही मापं एकाच ठिकाणाहून घ्या, प्रश्न मिटला.

तीनच टेकू आहेत, हे आधी पक्कं करा

या ट्रॅक्टरांचा पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका पिनेवर झुलतो, शेतातल्या खाचखळग्यांसाठी. म्हणजे ट्रॅक्टरचं धड टेकतं ते तीनच ठिकाणी: मागची दोन चाकं आणि पुढची ती पिन. तिपाई कितीही वाकड्या जमिनीवर डुगडुगत नाही, तसंच हेही.

यातून दोन गोष्टी निघतात. मॉडेल डुगडुगत असेल तर पुढचा अ‍ॅक्सल झुलत नाहीये, कुठेतरी अडकलाय. आणि मॉडेल कलत असेल तर दोष पुढच्या चाकांत असूच शकत नाही, तो मागे आहे. पुढची चाकं लहान-मोठी असली तरी अ‍ॅक्सल तेवढा तिरका होतो, धड सरळच राहतं. म्हणून लक्षण ‘ख’ असताना पुढचं चाक घासणारा माणूस रात्रभर घासत बसेल आणि सकाळी मॉडेल तेवढंच कललेलं असेल.

फार्मॉलसारखी जोडचाकं असलेले, म्हणजे पुढची दोन चाकं जवळजवळ चिकटून असलेले ट्रॅक्टर वेगळे. त्यांना झुलणारा अ‍ॅक्सलच नसतो. त्यांच्यासाठी खालच्या तपासण्यांमधल्या पिनेच्या आणि दांड्यांच्या गोष्टी सोडून द्या.

पहिली तपासणी: टेबल

हसू नका. सनमायका लावलेलं टेबल, लाकडी फळी, कडाप्पा यांतलं काहीही सपाट धरता येत नाही. ८ किंवा १० मिमी जाडीचा काचेचा तुकडा घ्या. ३०० बाय ३०० मिमीचा पुरतो. काचेच्या दुकानात उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात, फक्त कडा घासून मागा. खाली वर्तमानपत्राची घडी घालून काच ठेवा, म्हणजे ती स्वतः डुगडुगणार नाही.

मॉडेल ठेवा, कोणतं चाक वर आहे ते बघा, मग मॉडेल उलट्या दिशेला फिरवून त्याच जागी ठेवा. पुन्हा तेच चाक वर राहिलं तर दोष मॉडेलचा. दुसरं चाक वर आलं तर काचेखालचा आधार तपासा.

चाक टेकलंय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. साध्या झेरॉक्स कागदाची पट्टी सुमारे ०.१ मिमी जाड असते. चारही चाकांखाली एकेक पट्टी ठेवा आणि हळूच ओढा. जी विनासायास निघाली त्या चाकावर वजन नाही.

दुसरी तपासणी: चाकं

चाकाच्या साच्यातून आलेली शिवण, टायरच्या नक्षीतला रंगाचा थेंब, गोंदाचा फुगवटा हे आधी नखाने चाचपून काढा. मग वर्नियरने प्रत्येक चाकाचा व्यास तीन ठिकाणी मोजा. मागच्या दोन चाकांत १ मिमीचा फरक असेल तर धडाला जाणवतो तो अर्धा मिमी, कारण अ‍ॅक्सल केंद्रातून जातो. १२२ मिमी अंतरावर अर्धा मिमी डोळ्याला कळत नाही. २ मिमीचा फरक मात्र कळतो. त्यामुळे ०.३ मिमीच्या फरकासाठी चाकं पुन्हा ओतायची गरज नाही.

आता मार्करने चाकांवर डावं-उजवं लिहा आणि मागची चाकं अदलाबदल करा. टायरच्या लग्जची, म्हणजे तिरक्या रबरी उंचवट्यांची, दिशा उलटी दिसेल, तेवढ्यापुरती दिसू द्या. परत लावताना मागून पाहिल्यावर लग्जचं टोक वर आलं की चाक बरोबर बाजूला आहे. कल दुसऱ्या अंगाला गेला तर दोष चाकात. कल होता तिथेच राहिला तर चाकं निर्दोष, अ‍ॅक्सलकडे चला. ही एक अदलाबदल निम्मं काम करते आणि तिला पाच मिनिटं लागतात. तरीही बहुतेक जण ती करत नाहीत आणि थेट खोलायला बसतात.

लक्षण ‘घ’ असेल तर चाकाचं भोक केंद्रात नाही, चाक आउट फिरतंय. एकेक चाक पाव-पाव फेरा फिरवून चारही स्थितींत कागदाची पट्टी ओढून बघा. कागदाचा टेम्पलेट चिकटवून, टाचणीने केंद्र काढून हातड्रिलने भोक पाडलेलं असेल तर बिट सरकलेला असतो. प्लास्टिक किंवा एमडीएफचं चाक असेल तर भोक मोठं करा, पितळी नळीचा बुश बसवा आणि अ‍ॅराल्डाइट ओलं असतानाच चाक फिरवून, एका स्थिर टोकापासून परिघाचं अंतर सारखं येईपर्यंत सरकवत राहा. धातूचं चाक असेल तर इथे थांबा. त्याचं खाली लिहिलं आहे.

तिसरी तपासणी: पुढची पिन

लक्षण ‘क’ असणाऱ्यांचं काम बहुधा इथेच संपतं.

६ मिमी प्लायचा तुकडा पुढच्या एका चाकाखाली सरकवा. अ‍ॅक्सल मोकळा असेल तर दुसरं पुढचं चाक काचेवरच राहील, मागच्या दोन्ही चाकांखालचे कागद घट्ट राहतील आणि बॉनेट न कलता फक्त ३ मिमी वर येईल. मागचा एखादा कागद सुटला तर अ‍ॅक्सल अडकलाय. दुसऱ्या बाजूनेही तसंच करून बघा. एका बाजूला झुलतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही होतं.

अडकण्याचं पहिलं कारण रंग. ३ मिमी पिनेसाठी ३.१ मिमीचं भोक ठेवलं, पण प्राइमर आणि रंगाचे मिळून तीन-चार हात बसले की ती ०.१ मिमी मोकळीक संपते. पिन काढा, भोकात ३.१ मिमीचा ड्रिल बिट पिन व्हाइसमध्ये (बिट धरायच्या छोट्या हातपकडीत) धरून हाताने फिरवा. मशीन लावू नका. मशीनने बिट रंगासकट भोकही लांबट करतो. पिनेवरचा रंग बाराशे नंबरच्या पेपरने उतरवा आणि मशीन तेलाचा एक थेंब द्या.

दुसरं कारण इन्स्टंट गोंद. तो पाण्यासारखा पातळ असतो आणि फटीत आपोआप ओढला जातो. रेडिएटरची जाळी चिकटवताना खाली उतरलेला गोंद पिनेत शिरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पितळ-लोखंडाचे सुटे भाग असतील तर ते काढून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ठेवा, गोंद सुटतो. स्टायरीन शीटचं (प्लास्टिकच्या पत्र्याचं) काम असेल तर अ‍ॅसिटोनची बाटली उघडूसुद्धा नका. ते स्टायरीन विरघळवतं आणि रंगही उचलतं. तिथे पिन पकडीने हळूहळू दोन्ही दिशांना पिळून सोडवा, नाही सुटली तर ड्रिल करून काढा आणि नवीन घाला. अ‍ॅसिटोन वापरायचंच तर खिडकी उघडी ठेवा आणि आसपास देवापुढची समईही नको.

पुढच्या वेळी गोंद लावण्याआधी पिनेला मेण किंवा व्हॅसलीन चोळून ठेवा.

चौथी तपासणी: रेडियस रॉड आणि ड्रॅग लिंक

पिन मोकळी आहे, तरी अ‍ॅक्सल झुलत नाही. इथे मुरलेले कारागीरही अडकतात, म्हणून हे जरा सविस्तर.

फर्ग्युसनच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपासून एकेक रेडियस रॉड मागे येतो आणि क्लच हाउसिंगच्या बाजूला गोल बॉलवर बसतो. स्टिअरिंग बॉक्सच्या दोन्ही अंगांना एकेक हात आणि त्या प्रत्येकाकडून एकेक ड्रॅग लिंक पुढच्या चाकाकडे जाते. म्हणजे अ‍ॅक्सलला मागून चार दांड्या येऊन मिळतात. खऱ्या ट्रॅक्टरला या सगळ्यांच्या टोकांना हलणारे सांधे असतात. मॉडेलमध्ये आपण या चारही दांड्या दोन्ही टोकांना चिकटवून टाकतो. मग मधली पिन कितीही मोकळी असो, अ‍ॅक्सल चार खांबांना बांधल्यासारखाच.

शोधायचं कसं: आधी फक्त ड्रॅग लिंक एका टोकाला सोडवा आणि प्लायच्या तुकड्याची चाचणी पुन्हा करा. झुलला तर दोष तिथे. नाही झुलला तर रेडियस रॉडचं मागचं टोक सोडवा. दोन्ही एकदम सोडवले तर दोष कशात होता ते कळत नाही आणि जोडताना तो पुन्हा आत येतो.

दुरुस्ती सोपी आहे. १.५ मिमी तारेचं टोक काटकोनात वळवा, हाउसिंगमध्ये २ मिमीचं भोक पाडा आणि तार नुसती आत सोडा. गोंद नाही. पाव-पाव मिमीची मोकळीक पुरते. खरा बॉल दिसायला हवा असेल तर गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, मिळणारा ३ मिमीचा पितळी मणी तारेच्या टोकाला झाळा आणि ४ मिमी आतल्या व्यासाच्या नळीचा छोटा तुकडा वाटी म्हणून लावा. ड्रॅग लिंकसाठी तारेची टोकं ऐरणीवर चपटी करा, ०.८ मिमीचं भोक पाडा आणि टाचणीच्या तुकड्याने अडकवा.

पाचवी तपासणी: वजन

सगळं मोकळं आहे आणि तरी चाक वर राहतं? दाबलं की टेकतं, सोडलं की पुन्हा वर? मग मॉडेल हलकं आहे. टीई-२० खरा अकराशे किलोच्या आसपास भरतो. १:१० ला वजन हजाराव्या भागाने कमी होतं, म्हणजे साधारण १.१ किलो. स्टायरीनचं मॉडेल याच्या पावपटही नसतं. एवढ्या कमी वजनाला पिनेतलं जरासं घर्षणही जुमानत नाही. बॉनेटखाली, शक्य तितकं पुढे, १०० ते १५० ग्रॅम लोखंडी नट किंवा गळाचं शिसं बसवा. शिसं हाताळल्यावर हात धुवा आणि ते घरी वितळवू नका.

सहावी तपासणी: मागचा अ‍ॅक्सल

आता लक्षण ‘ख’. इथून पुढे खोलाखोली आहे.

अ‍ॅक्सलची सळई काढून काचेवर लोळवा. खालून उजेड येतो-जातो अशी झाली तर ती वाकलेली आहे. ४ मिमीची सळई हातोडीने सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका, एका जागी सरळ होते आणि दोन जागी वाकते. नवीन घ्या.

सळई सरळ असेल तर दोष भोकांचा. डावं आणि उजवं भोक वेगवेगळं पाडलं की एक वर, एक खाली जातं. हिशेब बघा: भोकं एकमेकांपासून ७० मिमीवर आणि उंचीत फरक फक्त १ मिमी, तरी १२२ मिमीवरच्या चाकांपाशी तो पावणेदोन मिमी होतो. म्हणून भोकातली चूक बारीक वाटते आणि कल मोठा दिसतो.

तपासायला चाकं काढा, अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवा (एकाच पट्टीतून कापलेले, म्हणजे फरक राहत नाही) आणि गिअरबॉक्सच्या खालच्या कडेपासून काचेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा.

दुरुस्ती अशी: दोन्ही भोकं साडेसात मिमीची करा. ६ मिमी बाहेरचा आणि ४ मिमी आतला व्यास असलेल्या पितळी नळीचे दोन बुश घ्या, त्यांतून अ‍ॅक्सल ओवा. अ‍ॅक्सलची टोकं ठोकळ्यांवर ठेवा आणि धड गुण्याने (सुताराच्या काटकोन्याने) काचेशी काटकोनात उभं करून बांधा. मग बुशभोवती साधं, हळू सुकणारं अ‍ॅराल्डाइट भरा. राळ आणि हार्डनर आकारमानाने सारखे. चोवीस तास हात लावायचा नाही. पाच मिनिटांत सुकणारं वापरू नका, सरळ करायला वेळच मिळत नाही. नळीच्या टोकांना आतून मेण लावून ठेवा, नाहीतर अ‍ॅक्सलही कायमचा चिकटेल.

एका चाकाखाली वॉशर किंवा टायरवर टेपचा वेढा देऊन कल लपवता येतो. फोटोपुरतं चालेल. चाक फिरलं की उघडं पडतं.

सातवी तपासणी: कण्याला पडलेला पीळ

लक्षण ‘ग’ आणि ‘ङ’ इथे येतात. या ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स या ओतीव पेट्याच एकमेकांना बोल्ट करून कणा बनतो. मॉडेलमध्येही आपण ठोकळ्याला ठोकळा जोडतो, आणि जोडताना एक ठोकळा अर्धा अंश फिरला तरी बॉनेट तिरकं होतं.

सुतार जी युक्ती वापरतात तीच इथे. दोन सरळ स्टीलपट्ट्या घ्या. एक मागे गिअरबॉक्सवर आडवी, एक पुढे इंजिनवर आडवी. एक डोळा मिटून मागून बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसल्या तर पीळ नाही. नसतील तर तिसऱ्या जागी, क्लच हाउसिंगवर पट्टी ठेवून कोणत्या सांध्यात पीळ आहे ते ठरवा. तोच सांधा बारीक दाताच्या करवतीने कापा, दोन्ही बाजूंना ३ मिमी पिनांची दोन-दोन भोकं पाडा आणि काचेवर धरून पुन्हा जोडा. एकच पिन घातली तर सांधा तिच्याभोवती फिरतो, म्हणून दोन.

एमडीएफचा कणा असेल तर आपल्याकडचा पाऊस विचारात घ्यायलाच हवा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की न मढवलेला एमडीएफ कापलेल्या कडांतून पाणी पितो आणि फुगतो. एक बाजू रंगवलेली, दुसरी कोरी असेल तर तो वाकतोही. अशा दिवसांत कापाकापी करू नका. मॉडेल कोरड्या खोलीत आठवडाभर ठेवा, उन्हात नाही, आणि पुन्हा मोजा. फुगलेला एमडीएफ पूर्ण मूळ जाडीला येत नाही, पण वाक बराच उतरतो. मग सगळ्या कडांना, आतल्या भोकांनाही, सँडिंग सीलरचे दोन हात द्या. थ्री-डी प्रिंट केलेल्या पीएलएच्या भागांचा शत्रू पाऊस नाही, उष्णता. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेलं मॉडेल त्यानंतर मोजूनच घ्या.

कुठे थांबायचं

पुढच्या चार गोष्टींत हात घालू नका.

धातूचं चाक अर्ध्या मिमीहून जास्त आउट असेल तर कानशीने ते गोल होत नाही. एक उंचवटा काढताना दुसरा तयार होतो. ओतीव गिअरबॉक्समधली अ‍ॅक्सलची भोकं सरळ रेषेत नसतील तर हातड्रिलने दुसऱ्यांदा पाडू नका, बिट जुन्या भोकाकडेच ओढला जातो. ही दोन्ही कामं लेथ आणि मिलिंगची. झाळून बनवलेल्या पितळी कण्याला पीळ असेल तर घरच्या सोल्डरिंग आयर्नने एक सांधा गरम करता करता शेजारचे तीन सुटतात. हे काम गुजरीतल्या किंवा हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या कारागिराकडे न्या, त्याला आग कुठे रोखायची ते माहीत असतं. आणि नवीन भाग ओतायचा असेल तर घरी भट्टी मांडू नका. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि साच्यात ओल राहिली तर वाफेने ते अंगावर उडतं. कोल्हापूरसारख्या फाउंड्रीच्या गावात राहून हा धोका पत्करायचं कारणच नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एकट्या-दुकट्या लेथचे वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. दोन चाकांचं काम त्यांच्यासाठी किरकोळ, म्हणून महिनाअखेरीच्या गर्दीत जाऊ नका. टर्नरला तोंडी न सांगता कागदावर मापं द्या, मिमीमध्ये, आणि त्यावर एक वाक्य ठळक लिहा: “बोअर (मधलं भोक) आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढावा.” चाक एकदा चकमधून (लेथच्या पकडीतून) काढून उलटं लावलं की केंद्र थोडं तरी हलतंच, आणि आउट फिरण्याचा दोष तिथेच जन्मतो. अ‍ॅक्सलची सळई सोबत न्या आणि बोअर तिच्यावर बसवून घ्या. बाजारातली ४ मिमी सळई ३.९५ भरते आणि ४.०० च्या बोअरमध्ये चाक डोलतं.